कंपाउंडरचा हातगुण

वाइंडरला आपल्या साडूचं काही म्हणजे काही बघवत नसे. हे त्याच्या बायकोला माहीत होतं, मेहुणीला माहीत होतं, रोज सकाळी दूध टाकणाऱ्यालासुद्धा माहीत होतं. ज्याच्यावर तो जळायचा त्या साडूला तेवढं माहीत नव्हतं, किंवा माहीत असून तो तसं दाखवत नव्हता. वाइंडरला त्याचाही रागच यायचा. माणसाने निदान चिडावं तरी.

घराच्या पुढच्या खोलीत वाइंडरचं दुकान होतं. जळालेल्या विजेच्या मोटारी भरून द्यायचा. पाण्याचे पंप, टेबलफॅन, मिक्सर, शिवणयंत्रं, जे जे फिरतं आणि जळतं ते लोक पोत्यात गुंडाळून त्याच्याकडे आणायचे. तो जळकी तार उपसून काढायचा, वेढे मोजायचा, नवी तांब्याची तार तितक्याच वेढ्यांनी बसवायचा, वॉर्निश पाजायचा आणि मोठ्या बल्बाखाली सुकत ठेवायचा. काम चोख. त्याने भरलेली मोटार पुन्हा दुरुस्तीला आली असं सहसा व्हायचं नाही. तोंड मात्र असं की गिऱ्हाईक मोटार टेबलावर ठेवून दोन पावलं मागे सरकायचं. "पाणी नसताना चालवलीत ना? जाळलीत ना?" ही त्याची स्वागताची पद्धत.

शेजारच्या खोल्यांत साडू राहायचा. तो दवाखान्यात कंपाउंडर. डॉक्टर बसलेले असायचे आत, आणि लोक बाहेरच विचारायचे, "इंजेक्शन कंपाउंडरच देणार ना? मग दुखत नाही." रडणारं पोर त्याच्या हातात गेलं की गप्प व्हायचं. रुसलेली म्हातारी माणसं त्याच्या हातून गोळ्या घ्यायची. त्याचा हातगुणच तसा, असं अख्खी गल्ली म्हणायची, आणि हातगुण हा शब्द ऐकला की वाइंडरच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. आपण दिवसभर दोन हातांनीच काम करतो, चटके खातो, बोटं कापून घेतो, आणि गुण म्हणे त्याच्या हाताला. पाणी मिसळून औषध द्यायला कसला आलाय हातगुण?

दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. शेजारच्या खोल्या रिकाम्या झाल्या तेव्हा घरमालकाकडे शब्द टाकून धाकटीला तिथे आणलं ते वाइंडरच्याच बायकोने. बहिणी दिवसभर मागच्या दारात बसून गप्पा मारू लागल्या. वाइंडरच्या कपाळावर त्या दिवशी जी आठी पडली ती पडली, पुन्हा काही गेली नाही.

दोन्ही घरांच्या मागे मिळून एक लांबट मोकळी जागा होती. मधोमध उभ्या विटांची एक रांग रोवलेली, गुडघ्याच्याही खाली. अलीकडचं वाइंडरचं, पलीकडचं कंपाउंडरचं. आणि ज्याच्यावरून हे सगळं रामायण घडलं ते झाड आधी होतं फक्त अलीकडे.

झाड म्हणजे खरं तर डोंगरउतारावरचं रानफूल. वाइंडरचे सासरे, सगळे त्यांना आबा म्हणत, तरुणपणापासून त्या डोंगराच्या पायथ्याशी मधमाश्यांच्या पेट्या ठेवायचे. त्यांनीच ते बी लावून वाढवलं आणि थोरल्या लेकीला दिलं. घरात सगळे त्याला उशिरी म्हणायचे. थंडी सरली, सगळीकडे पालवी फुटली, शेजारपाजारच्या कुंड्या हिरव्या झाल्या, तरी हिचा पत्ता नाही. जमिनीवर काडीसुद्धा दिसायची नाही. मेली बहुतेक, असं म्हणून माणूस फावडं उचलणार, तेवढ्यात एक दिवस मातीतून लालसर कोंब नाक वर काढायचा. मग भराभर वाढायची, गुडघ्याएवढी व्हायची आणि केशरी फुलांचे झुबके यायचे. ते झुबके आले की मधमाश्या, भुंगे, फुलपाखरं यांची नुसती झुंबड. आबा म्हणायचे, डोंगरावर ही फुलली की त्यांच्या पेट्यांना वेगळं काही बघावं लागायचं नाही. मूळ एकच, सरळ खोल गेलेलं. एकदा लावली की हलवायची नाही, हलवली की रुसते, असं त्यांनी बजावून सांगितलं होतं.

दुकान बंद केलं की वाइंडर स्टूल घेऊन मागे जायचा आणि चहाचा कप हातात धरून उशिरीसमोर बसायचा. जगात त्याला कौतुकाने बघावंसं वाटायचं ते एवढंच. गिऱ्हाइकाशी चार शब्द गोड न बोलणारा हा माणूस भुंग्याला म्हणायचा, "या बसा, सावकाश घ्या." बायकोने हे एकदा ऐकलं आणि तिला वाटलं कुणी आलंय. ती आणखी एक कप चहा घेऊन बाहेर आली होती.

एकच दुखणं होतं. फुलं यायची, गळून जायची, शेंग धरायची नाही. वाइंडरने काय काय केलं नाही. खत बदललं, माती बदलली, पाणी कमी केलं, जास्त केलं. आलेल्या माश्यांना तर तो अगदी जावयासारखं वागवायचा. शेंग काही धरली नाही.

मग धाकटी शेजारी राहायला आली, आणि आबा एक उंच डबा काखेत धरून आले. डब्यात दुसरं रोप. पहिलं उताराच्या खालच्या अंगाच्या झाडाचं होतं, हे वरच्या अंगाचं. त्यांनी ते विटांच्या पलीकडे स्वतःच्या हातांनी लावलं, हात झटकले आणि म्हणाले, "बरं झालं. एकटीला करमत नाही तिला."

दोघी बहिणी एकमेकींकडे बघून हसल्या. आबांना आपल्या थोरलीची केवढी काळजी, असं धाकटी म्हणाली. वाइंडर मात्र दारात उभा राहून आतल्या आत धुमसत होता. म्हणजे? माझ्या घरी हिला करमत नव्हतं? इतकी वर्षं काय उपाशी ठेवली होती? रात्री जेवताना त्याने बायकोला विचारलंसुद्धा, "तुला करमत नाही असं तू आबांना सांगितलंस?"

"मी कशाला सांगू?" ती म्हणाली. "दिसतं ना त्यांना."

हे उत्तर त्याने बरीच वर्षं मनात धरून ठेवलं.

कंपाउंडरचं रोप यथावकाश मोठं झालं आणि फुललं. तुम्ही म्हणाल त्याने काही विशेष केलं असेल. काही नाही. दात घासता घासता तांब्याभर पाणी ओतायचा, संपलं. माश्या विटांवरून उडून तिकडे जायला लागल्या. वाइंडर स्टुलावर बसून बघायचा आणि म्हणायचा, "माझ्याकडे जेवतात आणि हात धुवायला तिकडे जातात." आणि त्याच वर्षी कंपाउंडरच्या झाडाला शेंगा धरल्या. लांब, टोकदार, हिरव्या.

त्याच वर्षी वाइंडरच्या झाडालाही धरल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. शेंगा वाळून तडकल्या आणि आतून रेशमाच्या म्हाताऱ्या उडायला लागल्या, एकेका म्हातारीच्या पायाशी एकेक बी. वाइंडर लहान मुलासारखा त्या पकडत फिरला. दुधवाल्याला मुद्दाम मागे नेऊन दाखवलं. दुधवाल्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, मान डोलावली आणि म्हणाला, "कमाल आहे बुवा. कंपाउंडर राहायला आले आणि तुमच्याही झाडाला शेंगा लागल्या. हातगुण म्हणतात तो हाच."

वाइंडरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्या दुकानात मोटार जळाली की एक वास यायचा, आधी गोडसर आणि मग घशाला लागणारा. तो वास त्याला त्या वेळी आपल्याच छातीतून येतोय असं वाटलं. माझं झाड, माझी माती, माझं पाणी, आणि शेंगांचं श्रेयसुद्धा त्याला. त्या दिवसापासून त्याने मनाशी एक गोष्ट घट्ट धरली. कंपाउंडरच्या झाडाशिवाय माझं झाड शेंगा धरून दाखवेल, तेव्हाच या लोकांचं तोंड बंद होईल.

पुढची काही वर्षं अशीच गेली. दोन्ही झाडं फुलायची, दोन्हींना शेंगा धरायच्या, थोरली आणि धाकटी मिळून बी गोळा करायच्या आणि आबांना पाठवायच्या. आबांना बी हवं असायचं, कारण डोंगर पहिल्यासारखा राहिला नव्हता. रस्ता रुंद करताना उतार तासून काढला, त्यात सगळी उशिरी गेली. जगात दुसरीकडे कुठे असेल नसेल, आबांच्या माहितीत ही दोनच झाडं उरली होती. ते दर वर्षी उरलेल्या उतारावर बी टाकायचे आणि दर वर्षी शेळ्या कोंब खाऊन जायच्या. मग एका थंडीत आबांचा निरोप आला. उताराला तारेचं कुंपण घातलंय. शेळ्या आता आत येत नाहीत. यंदाचं बी सगळं राखून ठेवा, एकही म्हातारी उडू देऊ नका. माझे गुडघे बोलायला लागलेत, यंदा चढेन, पुढच्या वर्षीचं सांगता येत नाही.

हा निरोप वाइंडरने स्वतः ऐकला होता. त्याला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये.

थंडी सरता सरता घरमालकाने सांडपाण्याचा नवा पाइप टाकायला माणूस पाठवला. खोदणारा कुदळ खांद्यावर टाकून मागच्या जागेत येऊन उभा राहिला तेव्हा दुपार होती. कंपाउंडर दवाखान्यात. दोघी बहिणी बाजारात. वाइंडर एका पंपाचे वेढे मोजत होता, तो बोटांत आकडा धरूनच मागे आला.

"चर विटांच्या अलीकडून नेऊ की पलीकडून?" खोदणाऱ्याने विचारलं. "दोन्हीकडून जमतंय."

अलीकडे विटांना लागून काही नव्हतं. एक फुटकी बादली आणि वाळलेलं गवत. वाइंडरची उशिरी दूर, समोरच्या भिंतीजवळ झोपलेली. पलीकडे विटांपासून हातभर अंतरावर कंपाउंडरची. वर काहीच दिसत नव्हतं. कंपाउंडरने खुणेला काडी रोवली होती, ती केव्हाच मोडून गेली होती. जमीन साफ, सपाट, राखाडी.

"तिकडे काही लावलंय का?" खोदणाऱ्याने विचारलं.

"नाही," वाइंडर म्हणाला. "तिकडूनच न्या."

एवढंच. तो परत दुकानात येऊन बसला आणि बोटांत धरलेला आकडा विसरल्याचं त्याच्या लक्षात आलं. सगळे वेढे पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागले. मागून कुदळीचा आवाज येत होता. उठून जावं आणि थांबा म्हणावं, असं त्याला वाटलं नाही असं नाही. पण वाटत असतानाच डोळ्यांसमोर दुधवाला आला, मान डोलावणारा, आणि वाइंडर बसून राहिला.

संध्याकाळी धाकटीने चर बघितला आणि खाली बसून रडायला लागली. थोरली तिच्या पाठीवर हात फिरवत होती आणि नवऱ्याकडे बघत होती. वाइंडर म्हणाला, "मी आत होतो. मशीनच्या आवाजात काही कळलं नाही." दुकानात आवाज करणारं मशीन नव्हतं, हे त्याच्या बायकोला माहीत होतं.

कंपाउंडर आला, चरात डोकावला आणि म्हणाला, "चला, दादांची तरी वाचली. एका झाडाचं बी मिळालं तरी आबांचं काम होईल."

वाइंडरला दादा म्हणणारा जगात तो एकटाच होता.

त्या वर्षी उशिरी फुलली अशी की बघत राहावं. सगळ्या माश्या, सगळे भुंगे तिच्यावर, कारण पलीकडे जायला काही उरलंच नव्हतं. गल्लीतली माणसं बघायला आली. शाळेच्या बाई मुलांना घेऊन आल्या. दुधवाला म्हणाला, "वा, वाइंडर, यंदा मानलं." वाइंडरला आयुष्यात हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि तरी चैन नव्हती. कारण कंपाउंडर रोज संध्याकाळी विटा ओलांडून यायचा, शेजारी उकिडवा बसायचा आणि फुलांचं मनापासून कौतुक करायचा. वाइंडर मोटारी पोचवायला बाहेर गेला तर झाडाला पाणीही तोच घालायचा. आणि बघणारे म्हणायचे, काय मोठं मन आहे हो कंपाउंडरचं, स्वतःचं झाड गेलं तरी बघा. म्हणजे झाड मेल्याचंसुद्धा नाव झालं ते त्याचंच. वाइंडर त्याला पाण्यात बघायचा आणि तो बिचारा झाडाला पाणी घालायचा.

मग फुलं गळायला लागली. वाइंडर रोज झुबके उचलून खाली बघायचा. शेंग नाही. आज नाही तर उद्या धरेल म्हणून आठवडा गेला, आणखी एक गेला. झुबकेच्या झुबके वाळून खाली पडले. पहिल्या वर्षांसारखंच. बायको विचारायची, "धरली का?" आणि तो म्हणायचा, "धरेल, घाई काय आहे?"

अशा वेळी त्याला एक कोंब दिसला. विटांच्या अलीकडे, फुटक्या बादलीजवळ, जिथे खोदणाऱ्याने चरातली माती उपसून टाकली होती तिथे, लालसर, बोटभर उंच. वाइंडरने गुडघ्यावर बसून बघितलं. उशिरीच होती. पानं तीच, देठावरची लव तीच. त्याच्या झाडाचं पिल्लू! कुठली तरी जुनी म्हातारी उडून पडली असेल आणि रुजली असेल. त्याच्या जिवात जीव आला. शेंगा नसल्या तर नसल्या, झाडाला वंश तर आहे, आणि तोही निव्वळ त्याच्या हातचा. त्याने बादली बाजूला केली, भोवती छोटं आळं केलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. आबा येणार होते. त्यांच्यासमोर, आणि कंपाउंडरच्या देखत दाखवायचं, असं त्याने ठरवलं.

आबा आले, हातात बी न्यायला पत्र्याचा डबा घेऊन. गुडघ्यांनी इतका त्रास दिला होता की ओट्यावर चढायला त्यांनी दोन्ही लेकींचे हात धरले. चहा झाला. मग सगळे मागे गेले. आबा उशिरीजवळ गेले, एकेक देठ बोटांनी वर केला, सोडला. पुढचा वर केला, सोडला.

"एकही नाही?" ते म्हणाले.

"यंदा फुलली मात्र खूप, आबा," धाकटी म्हणाली.

"फुलेल. फुलायला काय झालं." आबा वळून पलीकडे बघू लागले. पाइपवर माती दाबून सपाट केली होती. "दुसरी कुठाय?"

कंपाउंडर म्हणाला, "खोदकामात गेली, आबा."

आबा डब्याचं झाकण उघडून बंद करत राहिले. मग म्हणाले, "मग कुठून धरणार शेंग? स्वतःचा पराग स्वतःला चालत नाही हिला. दुसऱ्या झाडाचा लागतो, माशीने आणून दिलेला. मी तेव्हाच सांगितलं होतं ना, एकटीला करमत नाही म्हणून."

थोरली म्हणाली, "ते तुम्ही माझ्याबद्दल म्हणाला होतात ना?"

"तुझ्याबद्दल कशाला म्हणेन?" आबा म्हणाले. "मी झाडाचं बोलत होतो."

वाइंडरच्या डोक्यात एकेक वेढा उलटा सुटत गेला. पहिल्या वर्षांची ती वांझ फुलं. ज्या वर्षी साडूचं फुललं त्याच वर्षी धरलेल्या त्याच्या शेंगा. विटांवरून जाणाऱ्या माश्या. हात धुवायला जातात म्हणायचा तो, आणि त्या त्याच्यासाठी आणायला जात होत्या. दुधवाला बावळट होता, पण बोलला होता ते खरं होतं. शेंगा कंपाउंडरमुळेच धरल्या होत्या.

अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसला असता. वाइंडर शहाणा नव्हता, घाबरला होता. काही तरी आपल्या बाजूचं दाखवायला हवं म्हणून तो घाईघाईने म्हणाला, "पण आबा, वंश आहे. या, दाखवतो. माझ्या झाडाचं पिल्लू आलंय."

सगळे बादलीजवळ आले. आबा कष्टाने खाली बसले. त्यांनी कोंबाकडे बघितलं, मग बोटाने बाजूची माती उकरली. थोडी आणखी उकरली. कोंबाच्या खाली अंगठ्याएवढं जाड, काळपट मूळ होतं, आडवं पडलेलं, आणि एका टोकाला कुदळीने तिरकं छाटलेलं.

"हे पिल्लू नाही," आबा म्हणाले. "पिल्लाला एवढं मूळ असतं का? हे जुनं आहे. तुटून मातीबरोबर इकडे पडलंय आणि फुटलंय. हे तिकडचं झाड आहे." त्यांनी माती परत सारली, हलक्या हाताने दाबली आणि वर बघितलं. "खोदणाऱ्याने विचारलं नाही का कुणाला?"

"मी घरी नव्हतो," कंपाउंडर म्हणाला.

"आम्ही बाजारात होतो," धाकटी म्हणाली.

थोरली नवऱ्याकडे बघत नव्हती, विटांकडे बघत होती. वाइंडरला ते जास्त लागलं.

"मला विचारलं होतं," वाइंडर म्हणाला. "अलीकडून नेऊ की पलीकडून, असं विचारलं. मी पलीकडून म्हणालो. काही लावलंय का विचारलं, मी नाही म्हणालो."

धाकटीने तोंडावर पदर धरला. "का पण भावोजी?"

"मला बघवत नव्हतं," तो म्हणाला. यापेक्षा खरं तो जन्मात काही बोलला नव्हता.

सगळ्यांनी कंपाउंडरकडे बघितलं. तो आता तरी भडकेल, चार शब्द सुनावेल, अशी वाइंडरने आशाच धरली होती. चार शब्द ऐकले असते तर बरं वाटलं असतं. कंपाउंडर म्हणाला, "मला माहीत होतं, दादा. त्या खोदणाऱ्याच्या तळहाताला फोड आला होता. दुसऱ्याच दिवशी पट्टी करायला दवाखान्यात आला. म्हणाला, तुमच्या शेजारच्यांना विचारून खणलं."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?" वाइंडर म्हणाला. "रोज येऊन बसत होतात."

"काय बोलणार? बोलून झाड येणार होतं का?" कंपाउंडर म्हणाला. मग कोंबाकडे बघत म्हणाला, "राग आला होता. पहिले काही दिवस तुमचं तोंड बघू नये असं वाटायचं. पण एकच झाड उरलं होतं, ते बघायला तरी यायचं ना."

आबा रिकामा डबा घेऊन परत गेले. त्या वर्षी कुंपणाच्या आत त्यांनी काही टाकलं नाही, आणि पुढे त्यांना चढता आलं नाही. जाताना त्यांनी वाइंडरला फक्त एवढंच सांगितलं, "ते रोप हलवू नका. जिथे आहे तिथेच सांभाळा."

झालं. म्हणजे कंपाउंडरचं झाड आता वाइंडरच्या जागेत, आणि सांभाळायचं वाइंडरने. त्याच्यासारख्या माणसाला याहून मोठी शिक्षा कुणाला सुचली नसती. पण त्याने सांभाळलं. थंडीत झाड दिसेनासं झालं तेव्हा त्याने भोवती जुन्या मोटारीच्या लोखंडी कड्या रोवल्या, कुणाचा पाय पडू नये म्हणून. पालवीच्या दिवसांत तो रोज सकाळी जाऊन माती बघायचा, आणि आपलं झाड आधी उगवलं तेव्हा त्याला आनंद झाला नाही. दुसरं उगवेपर्यंत त्याला जेवण गोड लागलं नाही. पहिल्या वर्षी त्या रोपाला फुलं आली नाहीत. दुसऱ्या वर्षी मोजकी आली, आणि माश्या आधी तिकडेच गेल्या. वाइंडर स्टुलावर बसून म्हणाला, "जा, तिकडेच जा आधी." त्याला वाईट वाटलंच. खोटं कशाला सांगू?

शेंगा दोन्ही झाडांना धरल्या.

दुधवाला एका सकाळी दूध घालता घालता मागे डोकावला आणि थबकला. कंपाउंडर विटांपलीकडे दात घासत उभा होता. "अरे वा," दुधवाला म्हणाला. "दोन्ही झाडं तुमच्याच जागेत, दोन्हीला शेंगा. वाइंडर, मी उगाच कंपाउंडरांचं नाव घेत होतो इतकी वर्षं. हातगुण तुमचाच."

वाइंडरने भांडं हातात धरलं होतं. हे वाक्य ऐकायला तो किती वर्षं थांबला होता ते त्याचं त्याला माहीत. त्याने विटांपलीकडे बघितलं. कंपाउंडर ब्रश तोंडात धरून हसला आणि मान हलवली. घेऊन टाका, असा त्याचा अर्थ होता. तो काही बोलणार नव्हता. बोलला नसता तो जन्मात.

"ते झाड माझं नाही," वाइंडर दुधवाल्याला म्हणाला. "कंपाउंडरांचं आहे. मी खोदायला लावलं होतं, ते मूळ इकडे येऊन पडलं. हातगुण त्यांचाच."

दुधवाला मापं हातात घेऊन तसाच उभा राहिला. मग त्याने विटांपलीकडे बघितलं आणि मान डोलावत म्हणाला, "आणि एवढं होऊन तुम्ही यांच्याशी बोलता? धन्य आहे तुमची, कंपाउंडर."

वाइंडरच्या पोटात, इतकी वर्षं जिथे दुखायचं बरोबर तिथेच, दुखलं. तो दुधाचं भांडं घेऊन आत आला, बायकोला म्हणाला, "चहा जरा जास्त ठेव, तोही येईल," आणि फळीवरचा, आबांनी पाठवून दिलेला पत्र्याचा डबा काढून पुसायला बसला. त्या आठवड्यात शेंगा तडकणार होत्या, आणि बी टाकायला डोंगर आता त्या दोघा साडूंनाच चढायचा होता.